अब्रू, पिस्तूल आणि महजर

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा इतिहास वाचताना वडगावचा तह, ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा पाडाव आणि साळबाईचा तहनामा ही स्थळे मराठी वाचकाच्या चांगली परिचयाची असतात. परंतु ज्या युद्धाच्या मसलती पुण्यात नाना फडणीसांच्या कचेरीत आणि माळव्यात महादजी शिंद्यांच्या छावणीत चालत होत्या, त्याच युद्धाच्या निमित्ताने १७ ऑगस्ट १७८० रोजी पहाटे कलकत्त्याजवळच्या अलिपुरात खुद्द गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातील सभासद फिलिप फ्रान्सिस हे दोघे भरलेली पिस्तुले घेऊन १४ पावलांच्या अंतरावर एकमेकांसमोर उभे राहिले, ही हकीकत आपल्या ग्रंथांतून एखाद्या ओळीत उरकली जाते. ती इतक्यात उरकण्याजोगी नाही. एका साम्राज्याच्या राजधानीत, एका परक्या राज्यावर चालवायच्या मोहिमेबद्दल, दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांतील मतभेद अखेर शिशाच्या गोळीपर्यंत का यावा, ह्या प्रश्नात त्या काळच्या युरोपीय प्रतिष्ठेच्या कल्पनेचे सारे बळ आणि सारे दौर्बल्य साठविलेले आहे.

ह्या वैराचे मूळ १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टात होते. त्या कायद्याने बंगालच्या गव्हर्नरास गव्हर्नर जनरल केले, त्याला सालीना २५,००० पौंड आणि त्याच्या चार सहकाऱ्यांस प्रत्येकी १०,००० पौंड वेतन नेमून दिले, आणि निर्णय मात्र बहुमताने व्हावा असे ठरविले. म्हणजे ज्याच्या नावाने हुकूम सुटावयाचे त्याला स्वतःच्या इच्छेविरुद्ध सुटलेल्या हुकुमांवरही सही करणे प्राप्त झाले. जनरल क्लेव्हरिंग, कर्नल मॉन्सन आणि फ्रान्सिस हे तिघे ऑक्टोबर १७७४ मध्ये जहाजातून उतरले तेव्हा किल्ल्यावरून १७ तोफांची सलामी झाली. त्यांची अपेक्षा २१ तोफांची होती, आणि त्या चार तोफांची उणीव त्यांनी मनात धरली. राज्यकारभाराचा आरंभच मानपानाच्या हिशेबाने झाला. चौथा सभासद बारवेल तेवढा हेस्टिंग्जच्या पक्षाचा होता, आणि १७७५ मध्ये त्याच्यात व क्लेव्हरिंगमध्येही पिस्तुलांचे द्वंद्व होऊन गेले होते. पुढे मॉन्सन आणि क्लेव्हरिंग वर्षभराच्या अंतराने मरण पावले आणि पारडे हेस्टिंग्जकडे झुकले. तरी फ्रान्सिसची बुद्धी, त्याची तीक्ष्ण लेखणी आणि गव्हर्नर जनरलच्या खुर्चीवर खिळलेली त्याची दृष्टी कायम होती.

मराठ्यांचे राजकारण ह्या दोघांच्या मध्ये आले ते असे. रघुनाथरावाच्या पक्षाने मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, तो कलकत्त्याच्या कौन्सिलाने अमान्य करून कर्नल अप्टन ह्यास पाठविले आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. तरीही मुंबईकरांनी पुन्हा उचल खाल्ली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावी त्यांची फौज मराठ्यांच्या कचाट्यात सापडून त्यांना मानहानीचा करार लिहून द्यावा लागला. हेस्टिंग्जला ती मानहानी धुऊन काढावयाची होती. बंगालहून निघालेली व मध्य हिंदुस्थान तुडवीत सुरतेस पोचलेली गॉडर्डची फौज ही त्याचीच कल्पना. फ्रान्सिसला हे युद्ध प्रथमपासून अविचाराचे, खर्चाचे आणि कंपनीस बुडविणारे वाटत होते, आणि माझ्या मते निव्वळ युद्धाच्या गुणदोषांचा विचार केला तर त्याच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य होते. कारण १७८० च्या उन्हाळ्यात हैदर अली कर्नाटकात उतरला तेव्हा कंपनीला दोन बलाढ्य शत्रूंशी एकाच वेळी झुंजावे लागले, आणि शेवटी साळबाईस जो तह झाला त्यात इतक्या वर्षांच्या खर्चाच्या मानाने साष्टीखेरीज फारसे काही हाती लागले नाही.

१७८० च्या आरंभी बारवेलला स्वदेशी परतावयाचे होते. तो गेला की कौन्सिलात हेस्टिंग्ज एकाकी पडणार, म्हणून मध्यस्थांमार्फत तडजोड झाली: फ्रान्सिसच्या काही माणसांस हेस्टिंग्जने अधिकाराच्या जागा द्याव्या, आणि फ्रान्सिसने मराठ्यांवरील युद्धात हेस्टिंग्जला विरोध करू नये. ह्या करारमदाराच्या भरवशावर बारवेल जहाजावर चढला. काही महिन्यांतच मेजर कॅमॅक आणि कॅप्टन पॉपहॅम ह्यांच्या पलटणी माळव्याच्या रोखाने, महादजींच्या मुलखावर पाठविण्याचा प्रस्ताव हेस्टिंग्जने आणला, आणि फ्रान्सिस आडवा आला. आपण संमती दिली ती पश्चिम किनाऱ्यावर आधीच चालू असलेल्या मोहिमेपुरती, नव्या मोहिमेला नव्हे, असे त्याचे म्हणणे. संमती संपूर्ण युद्धाला होती, असे हेस्टिंग्जचे म्हणणे. दोघांत एक वचन झाले होते खरे, परंतु त्या वचनाची व्याप्ती ज्यावरून निर्विवादपणे सिद्ध होईल असा दोघांच्या सहीचा कागद नव्हता.

हेस्टिंग्जने ३ जुलैच्या तारखेचे एक टिपण लिहून ठेवले आणि ते १४ ऑगस्टच्या रात्री फ्रान्सिसकडे पाठविले. फ्रान्सिसच्या सार्वजनिक वर्तनाची पारख आपण त्याच्या खाजगी वर्तनावरून करतो, आणि ते खाजगी वर्तन सत्य आणि प्रतिष्ठा ह्या दोहोंनी शून्य असल्याचे आपणास आढळले आहे, असा त्याचा आशय होता. सहा आठवडे दप्तरात राहून मग बाहेर पडलेला हा कागद रागाच्या झटक्यात लिहिलेला नव्हता. त्याचा परिणाम काय होणार हे लिहिणारा पुरते जाणून होता. बायकोला त्याने हुगळीकाठच्या चिनसुऱ्यास ठेवले होते. दुसऱ्या दिवशी कौन्सिलाची बैठक आटोपल्यावर फ्रान्सिसने त्याला बाजूच्या दालनात बोलावून लिहून आणलेले आव्हान वाचून दाखविले, आणि हेस्टिंग्जने ते तत्काळ स्वीकारले.

अठराव्या शतकातील सभ्य इंग्रज गृहस्थाला दोन कायदे असत. एक राज्याचा, ज्याच्या दृष्टीने द्वंद्वात माणूस मारणे हा खून होता. आणि दुसरा समाजाचा, ज्याच्या दृष्टीने आव्हान नाकारणारा मनुष्य कोणाच्या पंक्तीला बसण्यास लायक राहत नसे. ह्या दुसऱ्या कायद्याची संहिताही होती. १७७७ साली आयर्लंडातील क्लॉनमेल येथे टिपरारी, गॉलवे, मेयो, स्लायगो आणि रॉसकॉमन परगण्यांच्या गृहस्थांनी जमून द्वंद्वाच्या शिरस्त्याची पंचवीस कलमे लिहून काढली, आणि ती वाचताना एखाद्या निष्णात कायदेपंडिताचा हात फिरल्यासारखा वाटतो. आगळीक प्रथम ज्याची, माफी प्रथम त्याची, मग प्रत्युत्तर कितीही कठोर असो. तोंडावर खोटे ठरविणे हीच पहिली आगळीक असेल तर स्पष्ट शब्दांत क्षमा मागावी, किंवा ठरलेल्या संख्येने गोळ्या झाडून घेतल्यावर मागावी. प्रत्यक्ष हात उगारला असेल तर केवळ शब्दांची माफी पुरेशी नाही. अपराध्याने स्वतःची छडी दुखावलेल्याच्या हाती देऊन ती आपल्या पाठीवर वापरण्यास सांगावे आणि त्याच वेळी क्षमा मागावी. हवेत बार काढणे मना आहे, कारण ज्याला मारावयाचे नाही त्याने आव्हान द्यावयासच नको होते. रात्री आव्हान पोचवू नये, कारण डोके तापलेले असताना निर्णय होऊ नयेत. साहाय्यक बरोबरीच्या दर्जाचे असावेत आणि त्यांनी मैदानावर जाण्यापूर्वी समेटाचा यत्न करावा.

ह्या कलमांत क्रौर्य आहे हे उघडच. पण त्यांत संयमही आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. ज्या समाजात सरदार-जमीनदारांची भांडणे पूर्वी रस्त्यावर तलवारी उपसून, नोकरचाकरांसह, पिढ्यान्‌पिढ्या चालत, तेथे ती दोन माणसांत, ठराविक अंतरावर, साक्षीदारांसमोर आणि ठराविक गोळ्यांत संपविणे ही एक प्रकारची प्रगती होती. तिचा दोष दुसरीकडे होता. वाद कोणताही असो, उत्तर एकच: तू मरणास भितोस की नाही. फ्रान्सिसने दिलेल्या वचनाची व्याप्ती किती, हा प्रश्न शाहिदीचा होता. बारवेलला विचारता आले असते, मध्यस्थांच्या जबान्या घेता आल्या असत्या. संहितेला त्या शाहिदीची गरजच नव्हती.

त्या पहाटेचे वर्णन हेस्टिंग्जचा साहाय्यक, तोफखान्याचा कर्नल पिअर्स, ह्याने लिहून ठेवले आहे, आणि त्यातील बारकावे मनाला स्पर्श करतात. फ्रान्सिसचा साहाय्यक कर्नल वॉटसन, कंपनीचा मुख्य इंजिनियर. साडेपाचच्या सुमारास पिअर्स आणि हेस्टिंग्ज बेल्व्हेडियरजवळ पोचले तेव्हा फ्रान्सिस आणि वॉटसन आधीच फेऱ्या घालीत होते. घोड्यावरून रपेटीस येणाऱ्यांची वेळ होत आलेली, म्हणून आडोशाची जागा शोधावी लागली. एक जागा झाडांखाली फार काळोखी म्हणून हेस्टिंग्जला पसंत पडली नाही. ज्यांच्या सहीने लाखो माणसांचे महसूल ठरत होते त्या दोघांनाही ह्या विधीचा परिचय जवळजवळ नव्हताच: फ्रान्सिसने जन्मात पिस्तूल झाडलेले नव्हते, आणि हेस्टिंग्जने एखाद-दुसऱ्या वेळीच झाडले होते. अंतर किती ठेवावे ह्याचा प्रश्न निघाला तेव्हा वॉटसनने चौदा पावले सुचविली, कारण नोव्हेंबर १७७९ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात चार्ल्स जेम्स फॉक्स आणि विल्यम अ‍ॅडम ह्यांनी तेवढेच ठेवले होते. अंतर फार आहे असे हेस्टिंग्ज म्हणाला, पण त्याने मान्य केले.

फ्रान्सिसच्या पिस्तुलातील दारू दमट निघाली आणि चाप दाबूनही बार उडेना. पिअर्सने आपल्याजवळची कोरडी दारू त्याला दिली. प्रतिपक्षाच्या साहाय्यकाने आपल्याच धन्यावर झाडावयाची गोळी सिद्ध करून देण्याचा हा प्रसंग त्या संहितेतील उदात्ततेचा नमुना म्हणून खुशाल सांगावा, आणि तिच्यातील वेडाचाही. मग दोन्ही बार लागोपाठ झाले. फ्रान्सिसची गोळी चुकली. हेस्टिंग्जची गोळी त्याच्या उजव्या बाजूस शिरली आणि पाठीच्या कण्याला न लागता पलीकडे जाऊन अडकली. फ्रान्सिस खाली बसला आणि आपण मेलो असे म्हणाला, तसे ते खरे नसो असे ओरडत हेस्टिंग्ज धावला. जखम प्राणघातक नव्हती. हेस्टिंग्जने त्याच दिवशी बायकोला चिठ्ठी लिहिली: आपण सुखरूप आहोत, परंतु फ्रान्सिसच्या जिवाचा धोका टळेपर्यंत कलकत्ता सोडता येत नाही. मागाहून त्याने फ्रान्सिसच्या भेटीस येण्याची इच्छा कळविली, त्यावर फ्रान्सिसने सौजन्याने पण ठामपणे उत्तर धाडले की यापुढे आपली गाठ कौन्सिलाच्या मेजावरच पडेल. गाठ तशीच पडत राहिली, आणि डिसेंबर १७८० मध्ये फ्रान्सिस इंग्लंडास निघाला.

इकडे पॉपहॅमच्या माणसांनी ३ ऑगस्टच्या रात्रीच शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. ज्या मोहिमेवरून वचनभंगाचा आरोप झाला ती मोहीम द्वंद्वाच्या आधीच फळाला आली होती. आणि वचन काय होते हा प्रश्न मात्र १६ ऑगस्टला जसा होता तसाच १८ ऑगस्टला राहिला.

त्याच काळात ज्यांच्यावर ही मोहीम चालली होती त्या मराठ्यांच्या मुलखात प्रतिष्ठेची भांडणे कशी तुटत, हे पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे मान हे वतनाचे अंग होते. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढे बैल कोणाचे, सभेत पहिला विडा आणि टिळा कोणाला, कागदावर आधी कोणाची नांगराची निशाणी, हे सारे पाटीलकीचे हक्क म्हणून लिहून ठेवीत; वतनाचा निम्मा हिस्सा विकला तर खरेदीखतात कोणता मान थोरल्याकडे आणि कोणता धाकट्याकडे ह्याची वाटणी जमिनीच्या वाटणीइतक्याच काळजीने नोंदलेली सापडते. जी वस्तू वाटता येते, गहाण ठेवता येते आणि वारसास देता येते, तिच्याविषयी फिर्यादही करता येते. म्हणून मानाचा बखेडा गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार बसत, वृद्धांना शपथ घालून विचारीत, कागदपत्र पाहत, आणि निवाड्याचा महजर होऊन त्यावर सुतार, लोहार, कुंभार आपापल्या धंद्याच्या हत्यारांच्या निशाण्या करीत. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा यजितखत लिहून देई: माझा दावा खोटा ठरला, यापुढे मी ह्या मानाशी कटकट करणार नाही. आपण हरलो हे स्वतःच्या हाताने लिहून द्यावयास लावणारी ही पद्धत मला क्लॉनमेलच्या पंचवीस कलमांपेक्षा माणसाच्या स्वभावाची अधिक जाणकार वाटते, कारण तिने पराभूताला मरणाऐवजी शब्दाने बांधले.

आमच्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा मात्र हेतू नाही. वतनासाठी खून पडले, गावे जळाली. मावळात जेधे आणि खोपडे ह्यांचे भोरच्या देशमुखीवरून पिढीजात वैर चालले, हे सर्वश्रुत आहे. आणि जेथे साक्षीपुरावा अपुरा पडे तेथे गोतसभाही दैवाला शरण जाई: वाहत्या नदीत उभे राहून शपथ घेणे, किंवा कढत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढून हाताला मोहोरबंद पट्टी बांधणे आणि काही दिवसांनी हात उतला की नाही हे पाहणे, ह्या दिव्यांवर कित्येक निवाडे झाले. दिव्य हे द्वंद्वाचे सख्खे भावंड आहे. युरोपातील द्वंद्वाचा उगमही असल्याच न्यायात होता: वादी-प्रतिवादींनी लढावे आणि ईश्वराने खऱ्याला जय द्यावा. हा हक्क इंग्लंडच्या कायद्यातून कोणी काढलाच नव्हता. १८१७ मध्ये अब्राहम थॉर्नटन नावाच्या, खुनाच्या आरोपातून सुटलेल्या माणसावर मृत मुलीच्या भावाने पुन्हा फिर्याद केली, तेव्हा थॉर्नटनने लंडनच्या सर्वोच्च न्यायासनासमोर हातमोजा फेकून लढाईचे आव्हान दिले, न्यायाधीशांना ते कायदेशीर मानावे लागले, आणि फिर्यादी मागे हटला. पार्लमेंटाने तो कायदा रद्द केला १८१९ मध्ये, म्हणजे पेशवाईच्या अस्तानंतर एका वर्षाने. दोहोंत फरक एवढाच की दिव्यात देवाला काहीतरी विचारलेले असे. अलिपुरात देवालाही विचारलेले नव्हते.

इंग्लंडातील विचारी लेखकांना हे दिसत होते. रिचर्डसनने १७५३ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ‘सर चार्ल्स ग्रँडिसन’ ह्या कादंबरीत तलवारीत निष्णात असूनही धर्मबुद्धीने द्वंद्व नाकारणारा नायक उभा केला. पण ह्या विषयावर सर्वांत जिवंत लिहिले ते रिचर्ड शेरिडनने. एलिझाबेथ लिन्ली ह्या गायिकेपायी त्याने १७७२ मध्ये कॅप्टन मॅथ्यूजशी दोनदा द्वंद्व केले. दुसऱ्या वेळी, बाथजवळच्या टेकडीवर, तलवारी मोडल्या, दोघे जमिनीवर लोळत झुंजले आणि शेरिडन जबर जखमी झाला. तीन वर्षांच्या आत त्याने ‘द रायव्हल्स’ हे नाटक लिहिले. त्यात बॉब एकर्स नावाचा खेडवळ जमीनदार एका कलहप्रिय आयरिश सरदाराच्या चिथावणीने आव्हान लिहून बसतो, आणि मैदानावर उभे राहण्याची वेळ येते तसे त्याचे धैर्य झिरपून जाऊ लागते. जानेवारी १७७५ मधील पहिला प्रयोग पडला, दुरुस्त्या करून अकरा दिवसांनी पुन्हा आणलेले नाटक टिकले. ज्याने स्वतःच्या अंगावर घाव घेतले त्यानेच प्रेक्षकांना ह्या संहितेवर हसविले, म्हणून त्या हास्याला वजन आहे. परक्याने केलेल्या थट्टेला ते येत नाही.

हाच शेरिडन पुढे फ्रान्सिसच्या वैराचा वाहक झाला. फ्रान्सिसने इंग्लंडात हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला उभा करू पाहणाऱ्या बर्कला कागद पुरविले, माहिती पुरविली, आणि ७ फेब्रुवारी १७८७ रोजी शेरिडनने अवधच्या बेगमांच्या प्रकरणावर कॉमन्स सभेत पाच तासांहून अधिक भाषण करून हेस्टिंग्जविरुद्ध सभा हलविली. त्याच्या बाजूला फॉक्स होता, ज्याच्या हाइड पार्कातील चौदा पावलांनी अलिपूरचे अंतर ठरविले होते. खटला चालविणाऱ्यांच्या समितीत फ्रान्सिसचे नाव मात्र सभेने मतदानाने नाकारले. आरोपीशी ज्याचे उघड वैयक्तिक वैर, ज्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले, त्याने सभेतर्फे आरोप चालविणे शोभत नाही, असा त्यातील युक्तिवाद होता. आव्हान दिले नसते तर फ्रान्सिस भेकड ठरला असता. दिले म्हणून फिर्यादीचा हक्क गमावून बसला. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये १३ फेब्रुवारी १७८८ रोजी सुरू झालेला हा खटला २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्जच्या निर्दोष सुटकेने संपला आणि त्याच्या बचावाला ७०,००० पौंडांहून अधिक खर्च आला. १८१८ मध्ये, दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला त्याच वर्षी, ऑगस्टात हेस्टिंग्ज आणि डिसेंबरात फ्रान्सिस वारला.

ह्यानंतरही द्वंद्वाची चाल थांबली नाही. असईच्या रणांगणावर १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेल्स्ली, वेलिंग्टनचा ड्यूक आणि इंग्लंडचा मुख्य प्रधान झाल्यावर, २१ मार्च १८२९ रोजी बॅटरसीच्या मैदानात लॉर्ड विंचिल्सीसमोर पिस्तूल घेऊन उभा राहिला. कारण कॅथलिकांना राजकीय हक्क देण्यात त्याचा कावा आहे असे विंचिल्सीने छापले होते. ड्यूकचा साहाय्यक सर हेन्री हार्डिंग ह्याचा डावा हात १८१५ मध्ये लढाईत गेलेला होता, म्हणून पिस्तुले डॉक्टर ह्यूमला भरावी लागली. इशारा होताच विंचिल्सीने पिस्तूल उचलले नाही, ड्यूकने गोळी बाजूला घातली, मग विंचिल्सीने हवेत बार काढला आणि त्याच्या साहाय्यकाने खिशातून माफीचा कागद काढला. क्लॉनमेलच्या कलमांप्रमाणे ही सारी कृती बेकायदा होती.

चाल मोडली ती एका विधवेच्या पेन्शनवरून. १ जुलै १८४३ रोजी लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये चीनच्या लढाईतून परतलेला कर्नल फॉसेट हा आपल्याच साडूच्या, लेफ्टनंट मन्‌रोच्या, गोळीने जबर जखमी होऊन पुढे मेला, आणि सरकारने त्याच्या पत्नीस निवृत्तिवेतन नाकारले. तिच्या बहिणीचा नवरा परागंदा, आणि तिचा स्वतःचा मातीखाली. ह्या प्रकरणाने लोकमत इतके क्षुब्ध झाले की १८४४ मध्ये सैन्याच्या नियमांत दुरुस्ती करण्यात आली: ज्या अधिकाऱ्याकडून अन्याय झाला त्याने खुलासा करून क्षमा मागणे, आणि ज्याच्यावर झाला त्याने ती मोकळ्या मनाने स्वीकारणे, हे सभ्य आणि प्रतिष्ठित पुरुषाच्या शीलाला साजेसेच आहे, असे त्यात लिहिले गेले; आणि आव्हान देणारा, नेणारा किंवा ते मुकाट्याने होऊ देणारा अधिकारी बडतर्फीस पात्र ठरला.